करंजओढ्याच्या लाल टिकल्या

तरटे गुरुजी स्टुलावर उभे राहून भिंतीवर टिकल्या लावत होते आणि मी खाली उभी राहून त्यांच्यावर ओरडत होते.

"गुरुजी, आधी खाली उतरा. मला बोलायचंय तुमच्याशी."

"एवढी एक लावतो, मॅडम. बोटाला चिकटलीय."

"कुठल्या रंगाची आहे?"

"लाल."

"आणखी एक लाल?"

"बाजारातनं तीन पाकिटं आणली होती लाल. संपत आली. पुढच्या आठवड्यात मरून रंगाची आणावी लागणार बहुतेक," गुरुजी म्हणाले आणि अंगठ्यानं टिकली नीट दाबून खाली उतरले.

टिकल्या म्हणजे बायका कपाळाला लावतात त्याच. करंजओढ्याची शाळा दोन खोल्यांची, मुलं अठरा, आणि शिक्षक हे एकटे. त्यांनी खाकी कागद जोडून भिंतभर तक्ता केला होता. डावीकडं अठरा नावं आणि वरच्या बाजूला अध्ययन निष्पत्ती. हा सरकारी शब्द. घरच्या भाषेत सांगायचं तर, राज्यातल्या कुठल्याही शाळेत कुठल्या इयत्तेच्या पोराला काय यायला हवं, त्याची यादी. येत असेल तर हिरवा रंग, थोडं येत असेल तर पिवळा आणि येत नसेल तर लाल. राज्यभरातल्या शाळांनी त्या वर्षी असा तक्ता भरून द्यायचा होता, म्हणजे काम कुठवर आलंय ते वरच्यांना कळेल.

मी तेव्हा नुकतीच केंद्रप्रमुख झाले होते. अकरा शाळा माझ्या हाताखाली. अंगात नवी नवी ऐट होती आणि फायलींना रंगीत दोरे बांधायचा नाद होता. सगळ्या केंद्रांत आमचंच केंद्र पहिलं यावं, असं मी ठरवून टाकलं होतं. ज्या केंद्राचा तक्ता पूर्ण हिरवा त्या केंद्रप्रमुखाचा जिल्ह्याच्या गावी मोठ्या सभागृहात सत्कार, असं आमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी, साळशिंगे साहेबांनी, भर बैठकीत सांगितलं होतं. मी त्या दिवसासाठी हिरवी साडी घेऊनही ठेवली होती. आता खोटं कशाला बोलू?

माझ्या दहा शाळांचे तक्ते आले ते बांधावरच्या गवतासारखे हिरवेगार. अकरावा करंजओढ्याचा. त्याचा लालेलाल फोटो फोनवर आला तेव्हा मला वाटलं, फोनच बिघडलाय. म्हणून शनिवारी सकाळीच स्कुटी काढून आले. तक्ते त्याच दिवशी चार वाजेपर्यंत तालुक्याला द्यायचे होते.

"गुरुजी," मी आवाज जरा खाली आणला, "तुमची नोकरी किती राहिली?"

"चौदा महिने."

"मग कशाला ओढवून घेताय? सगळ्यांनी हिरवं दिलंय. तुमच्या एकट्यापायी अख्खं केंद्र मागं जाईल. वर नोटीस येईल ती वेगळीच."

"पण मॅडम, मी कुठं रंग देतोय? मला तो अधिकारच नाही."

"मग कुणाला आहे?"

"गावाला," गुरुजी म्हणाले. ते इतक्या साधेपणानं बोलले की ते माझी चेष्टा करताहेत की काय, असं मला वाटलं.

पण चेष्टा नव्हती. त्यांची रीतच तशी होती. लिटर-मिलिलिटर आलं की नाही, ते दूध संकलन केंद्रावरचा दत्तू डांगे ठरवायचा. पोरानं दहा जणांचं दूध मापून दाखवायचं. एकाचं जरी चुकलं तरी लाल. लांबी-रुंदीची परीक्षा गवंड्याकडं आणि नकाशाची मुक्कामाच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं. गुरुजी शिकवायचे आणि गाव तपासायचं. आणि गाव कुणाला भीक घालत नव्हतं. डांगेनं तर स्वतःच्या पुतण्याला तीनदा लाल दिली होती.

"आणि वाचन?" मी विचारलं. "ते कोण तपासतं? तलाठी?"

"शेवंताकाकू."

"कोण शेवंताकाकू?"

"खिचडी करतात त्या."

मी ओट्याकडं पाहिलं. खिचडीचं पातेलं उतरवून एक साठीची बाई हात पुसत होती. जाड काचांचा चष्मा, डोक्यावरचा पदर खोचलेला. तिनं मला लांबूनच नमस्कार केला.

"त्यांचं शिक्षण किती झालंय?"

"अजिबात नाही. अंगठा उठवतात."

मला हसावं की रडावं कळेना. "गुरुजी, जिला वाचता येत नाही ती वाचन तपासते?"

"म्हणून तर, मॅडम. वाचता येणाऱ्या माणसाला पोरं फसवतात. पोरगं निम्मंच सांगतं आणि उरलेलं आपणच मनानं भरून घेतो. शेवंताकाकूंना काही भरता येत नाही. पोरगं जेवढं सांगेल तेवढंच त्यांच्या हातात पडतं. बघाच तुम्ही, जेवणं झाली की तिसरीच्या कोमलची पाळी आहे."

मला बघायचं नव्हतं. पण घड्याळात साडेदहाच झाले होते आणि खिचडीचा वास चांगला येत होता, म्हणून मी थांबले.

जेवणं उरकल्यावर शेवंताकाकू ओट्यावर मांडी घालून बसल्या. समोर कोमल. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. गुरुजींनी तिच्या हातात एक कागद दिला. जनावरांच्या दवाखान्याची सूचना होती, त्याच सकाळी आलेली. कोमलनं ती उभ्यानं घडाघडा वाचली.

"शेळ्या-मेंढ्यांचे मोफत लसीकरण. मंगळवारी सकाळी सात ते दहा, चावडीसमोर. गाभण शेळ्या व तीन महिन्यांच्या आतील करडे आणू नयेत."

एकही अक्षर अडलं नाही. मी गुरुजींकडं बघून भुवया उंचावल्या. ही तर सरळ सरळ हिरवी.

"आता तुझ्या तोंडानं सांग बघू," काकू म्हणाल्या.

"शेळ्यास्नी लस देणार हायत. फुकट. मंगळवारी, चावडीम्होरं."

"बरं. मग माझी काळी शेळी न्यायची का?"

"न्या की काकू! फुकट हाय."

"अगं, गाभण हाय न्हवं ती!" काकूंनी कपाळावर हात मारला. "तूच तर वाचलंस आत्ता, गाभण आणू नका म्हणून. तुझं ऐकून मी नेली असती म्हंजी?"

कोमलनं जीभ चावली. "ऱ्हायलं की ते."

"पिवळी," काकूंनी निकाल दिला. "पोरगी लाखाची हाय, गुरुजी. पर वाचताना डोळं पळत्यात आणि डोकं मागं ऱ्हातंय."

मला राहवलं नाही. "अहो काकू, तिसरीची मुलगी एवढं अस्खलित वाचते आणि तुम्ही पिवळी देता? माझ्या दुसऱ्या शाळांत याला कधीच हिरवं दिलं असतं."

"तितल्या शेळ्या तुमच्या न्हाईत ना, बाई," काकू शांतपणे म्हणाल्या.

मुलं फिदीफिदी हसली. मला राग आला. मी पर्समधून परिपत्रक काढलं आणि त्यांच्यापुढं फडफडवलं. चार पानी, वर राजमुद्रा.

"हे बघा. हे सरकारी परिपत्रक आहे. यात सगळं लिहिलंय. असं कुणीही कसंही रंग देऊन चालत नाही."

"असं व्हय?" काकू सरसावून बसल्या. "वाचा की मग. आमाला बी कळूद्या."

आता माघार कशी घेणार? मी खणखणीत आवाजात वाचायला लागले. पहिलं पान झालं. दुसरं पान झालं. 'संदर्भीय विषयान्वये' झालं, 'सनियंत्रण' झालं. मुलं आ वासून ऐकत होती. गुरुजी मान हलवत होते. तिसऱ्या पानावर माझा घसा कोरडा पडला, तरी मी नेटानं चौथं संपवलं आणि विजयी मुद्रेनं कागद खाली ठेवला.

काकूंनी मला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाल्या, "आता तुमच्या तोंडानं सांगा बघू."

"सांगायचं काय त्यात? तक्ता भरायचा आणि सगळं हिरवं असलं पाहिजे."

"असं म्हणलंय त्यात?"

"अं... म्हणजे... अर्थ तोच."

"बरं. आणि लाल असलं तर काय करणार हायती?"

"कारवाई होणार. नोटीस येणार."

"कुठं लिवलंय?"

मी परिपत्रक उचललं. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. नोटीस सापडेना. कारवाई सापडेना. खरं सांगायचं तर सत्कारही सापडेना. परिपत्रक नऊ वेळा वाचल्याचं मी बैठकीत छाती पुढं काढून सांगितलं होतं, आणि आता त्यात काय आहे ते मला एका खिचडीवाल्या बाईला सांगता येत नव्हतं.

"गुरुजी," मी मदतीसाठी वळले, "तुम्ही तर वाचलंय ना हे?"

गुरुजी अंगठ्यानं चष्मा पुसत म्हणाले, "पहिलं पान वाचलं, मॅडम. पुढचं सवडीनं वाचू म्हटलं होतं."

"मी बघू का, बाई?" कोमलनं विचारलं.

मी कागद तिच्याकडं दिला. दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. ती ओट्याला टेकून बसली. या वेळी मात्र तिनं घाई केली नाही. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक ओळ खाली सरकत राहिली. बाकीची मुलं तिच्याभोवती गोळा झाली. चांगली दहा मिनिटं गेली असतील. मी दोनदा घड्याळ पाहिलं.

"लाल हितं हाय!" ती तिसऱ्या पानावर थांबून ओरडली. आणि वाचायला लागली, "मुद्दा सात. ज्या शाळांच्या तक्त्यात लाल रंग अधिक आहेत, अशा शाळांना पूरक वाचन साहित्य, गणित पेटी व साधनव्यक्ती प्रा... प्राधान्याने पुरविण्यात येतील. गुरुजी, प्राधान्यानं म्हंजी?"

"सगळ्यांच्या आधी," गुरुजी म्हणाले.

"आणि साधनव्यक्ती?"

"शिकवायला मदत करणारा माणूस."

कोमलनं डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत परत एकदा घोकलं. मग काकूंकडं तोंड करून म्हणाली, "काकू, ज्या शाळंत लाल जास्त हाय, तितं आधी पुस्तकं देणार. गणिताची पेटी देणार. आणि गुरुजी एकलेच हायत न्हवं, तर त्यास्नी जोडीला माणूस देणार. हिरवं हाय त्यांना मागनं."

"मग शिक्षा?"

"शिक्षा न्हाईच की. सगळं बघितलं मी. कुठंच न्हाई."

गुरुजी त्यांच्या भिंतीकडं बघत होते आणि मी माझ्या फाइलीकडं. त्या फाइलीत दहा शाळांचे हिरवेगार तक्ते होते. त्यातल्या एका शाळेत गोष्टीची पुस्तकं सतरा होती आणि त्यातली नऊ फाटकी. ते मला माहीत होतं, कारण मीच मोजली होती. त्या शाळेनं पुस्तकं नकोत असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं आणि ते लिहायला मी लावलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

"समजून वाचतो व स्वतःच्या शब्दांत सांगतो," गुरुजी हळूच म्हणाले. "इयत्ता तिसरी."

शेवंताकाकूंनी हात पुढं केला. गुरुजींनी टिकल्यांची पाकिटं दिली. हिरवी त्यांनी कोमलच्या तळहातावर ठेवली आणि ती पोरगी उड्या मारत भिंतीकडं पळाली. मग काकूंनी पिवळी काढली आणि माझ्या परिपत्रकाच्या कोपऱ्यावर, राजमुद्रेच्या शेजारी, अंगठ्यानं दाबून बसवली.

"बाई, वाईट वाटून घेऊ नगा. वाचता झ्याक येतंय तुमाला. तेवढं समजून घ्यायचं ऱ्हायलंय. पुन्यांदा या."

मुलांपुढं, शिक्षकापुढं, खिचडीच्या पातेल्यापुढं माझा असा निकाल लागला. आणि मला हसू फुटलं. आधी मी हसले, मग गुरुजी, मग काकूही तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसताना बघून मुलांना तर ऊतच आला.

बारा वाजून गेले होते. मी त्याच ओट्यावर बसून दहाही शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन लावले. "तक्ता बदलायचाय. तीन वाजेपर्यंत खरे रंग सांगा." पहिल्यांनी विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" दुसरे म्हणाले, "आम्हाला आधीच तसं करायचं होतं." हे साफ खोटं होतं. आणि तिसऱ्यांनी जे विचारलं ते मी कधीच विसरणार नाही.

"मॅडम, खरे म्हणजे किती खरे?"

"शेळी न्यायची की नाही ते कळेल इतके," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना काय कळलं असेल देव जाणे, पण त्यांच्या तक्त्यात बावीस लाल आले.

तालुक्याला पोहोचायला पावणेपाच झाले. साळशिंगे साहेब घरी निघायच्या बेतात होते. त्यांनी माझा तक्ता उघडला आणि परत खुर्चीत बसले.

"शेडगे मॅडम, हा तक्ता आहे की कुंकवाचा करंडा?"

"साहेब, मुद्दा सात वाचा." मी परिपत्रक त्यांच्यापुढं ठेवलं.

"वाचलाय मी."

"वाचा आणि तुमच्या शब्दांत सांगा."

माझी ही हिंमत कुठून आली ते मला आजही ठाऊक नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"हे आपण बैठकीत वाचलं नव्हतं का?"

"नाही साहेब. सहाव्या मुद्द्याला चहा आला होता."

मग त्यांनी माझ्या तक्त्यावर सही केली आणि विचारलं, "परिपत्रकावर ही पिवळी टिकली कसली?"

"ती माझी आहे, साहेब," मी म्हणाले.

त्या वर्षी आमचं केंद्र तालुक्यात शेवटचं आलं. सत्कार पलीकडच्या केंद्राचा झाला, शाल आणि श्रीफळ. मी टाळ्या वाजवायला गेले होते, हिरवी साडी नेसूनच. घेतलेली साडी वाया कशी घालवायची?

आणि जुलैत टेंपो आला. पूर्ण तालुक्यात फक्त आमच्या अकरा शाळांच्या नावानं खोकी होती. करंजओढ्याची मी स्वतः घेऊन गेले. तीन खोकी पुस्तकं, एक गणित पेटी आणि आठवड्यातून दोन दिवस गुरुजींच्या मदतीला येणारा एक तरुण शिक्षक.

मुलांनी खोकी उघडली. शेवंताकाकूंनी एक गोष्टीचं पुस्तक उचललं, उलटं धरलं, चित्र बघून सुलटं केलं आणि मला म्हणाल्या, "सांगा, बाई. ह्ये कसं काय आलं?"

मला कळलं, ही माझी फेरपरीक्षा आहे. "काकू," मी म्हणाले, "आपल्याला काय येत नाही ते आपण खरं सांगितलं. म्हणून त्यांनी ते शिकायला दिलं."

काकूंनी थोडा विचार केला. पाकिटातून हिरवी टिकली काढून माझ्या डायरीवर लावली. पण पाकीट काही परत दिलं नाही. ते हातातच खेळवत राहिल्या. मग भिंतीकडं बघत जरा लाजून म्हणाल्या, "गुरुजी, त्या तक्त्यात खाली जागा हाय का थोडी?"

"कशाला, काकू?"

"माझं बी नाव लिवा. लाल लावा त्येच्याम्होरं. लाल असलं की आधी शिकिवत्यात न्हवं?"

गुरुजींनी हातातला खडू ठेवला आणि पेन उचललं. माझे डोळे भरून आले. मग गुरुजींनी अठरा नावांच्या खाली एकोणिसावं नाव लिहिलं, आणि कोमलनं स्टुलावर न चढता, वाकून, त्याच्यापुढं लाल टिकली लावली. परीक्षक कोण, असं मी विचारल्यावर काकूंनी तिच्याकडंच बोट दाखवलं.

गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त झाले. मीही या मे महिन्यात झाले. कपाट आवरताना ती डायरी सापडली, आणि आत घडी घातलेलं ते परिपत्रक. पिवळी टिकली अजून घट्ट चिकटलेली आहे.

काकूंची लाल जायला जवळजवळ दोन वर्षं लागली. योगायोगानं मी त्या दिवशी तिथं होते. दवाखान्याची तीच सूचना पुन्हा आली होती. काकूंनी बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, घाम पुसत ती वाचली. पाव तास लागला. समोर पाचवीतली कोमल मांडी घालून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दयामाया म्हणून नव्हती.

"वाचलंसा. आता तुमच्या तोंडानं सांगा. काळी शेळी न्यायची का न्हाई?"

"काळी न्यायची," काकू म्हणाल्या. "ती व्याली गेल्या म्हैन्यात." कोमल उठायला लागली, तशी तिचा हात धरून त्यांनी तिला खाली बसवलं. "थांब की, पुरतं ऐक. करडू न्हाई न्यायचं. ते तीन म्हैन्याच्या आतलं हाय."